बेचाळीस दुहेरी गाठी

गुरुवार, सोळा मे दोन हजार चोवीस. मेंढ्या शहाण्णव. माणसे तीन.

मेंढ्या मार्च-एप्रिलमध्येच गेल्या होत्या. त्यांच्या यकृतांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या कामाचा निष्कर्ष घेऊन तीन माणसे सकाळी सात वाजता कुपवाडहून शिरवळला, कामाला पैसा देणाऱ्या समितीपुढे, निघाली होती. गाडी नानासो चालवत होते. कुंडलचे हे ऊसवाले सैन्याच्या वैद्यकीय दलात चोवीस वर्षे काढून निवृत्त झाले होते आणि आता औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. शेजारी त्या प्रयोगशाळेची प्रमुख, डॉ. राजनंदिनी, मांडीवरच्या कागदांत मान घालून बसली होती. मागच्या सीटवर थर्माकोलचा डबा दोन्ही हातांनी कवटाळून बसलेल्या हरणाबाई प्रयोगशाळेतल्या मदतनीस होत्या.

नानासोंचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि तो वाढवायचा नाही असे राजनंदिनीने ठरवले होते. कागदावर कारण लिहिले होते: सहा नमुन्यांच्या हाताळणीत निष्काळजीपणा. हरणाबाईंना ही गोष्ट आदल्या संध्याकाळी कळली. रोज सकाळी ‘जय हिंद, आक्का’ म्हणत दारात उभा राहणारा माणूस पुढच्या महिन्यात दिसणार नाही, हे त्यांना पटत नव्हते. या प्रकरणात आपला काही हात असेल, अशी शंका मात्र त्यांना अजून शिवली नव्हती.

हरणाबाईंचा जन्म वाड्यावर झाला. हा वाडा भिंतींचा नव्हे. मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि बिऱ्हाड असा जो संसार दिवाळीनंतर आटपाडीच्या माळावरून पाण्याच्या मुलखाकडे निघतो, त्याला मेंढपाळ वाडा म्हणतात. जन्म नेमका कोणत्या शिवारात झाला, यावर त्यांच्या आईवडिलांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. प्रयोगशाळेत रुजू होताना नानासोंनी अर्ज भरायला घेतला आणि जन्मस्थळ विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, “मेंढरांच्या मागं.”

“आक्का, गावाचं नाव सांगा. हितं मेंढराला रकाना न्हाई.”

“मग लिवा की तुमचंच कुंडल. तुमच्याच उसात मेंढरं बसवायचो आमी. तुमच्या आज्यानं लेंडीखताला हातापाया पडून बोलवलं हुतं आमाला.”

नानासोंनी ‘आटपाडी’ असे लिहिले आणि त्या दिवसापासून दोघांची मैत्री झाली.

मेंढपाळाचे पोट मेंढी विकण्यावर चालते आणि विकलेली मेंढी बहुधा कापली जाते. हे वास्तव हरणाबाईंच्या वडिलांनी कधी लपवले नाही. त्याला दोन नियम मात्र घातले. पहिला नियम मिठाचा. मेंढी ज्याच्या कामाला आली, त्याने ते काम पार पडल्यावर तिच्या नावाने मूठभर मीठ मागे राहिलेल्या कळपापुढे दगडावर टाकायचे. लग्न असो, जावळ असो, घेणारा मीठ आणून देई आणि कळप ते चाटून टाकी. दुसरा नियम अधिक कडक होता. आजारी जनावराचे काळीज, म्हणजे यकृत, कुणाच्या हातात पडू द्यायचे नाही. पाणथळ जागेच्या गवतातून मेंढीच्या पोटात एक चपटा जंत जातो, यकृतात घर करतो, आणि ते यकृत हळूहळू चिवट, गाठाळ, ताठ होत जाते. असे काळीज निघाले की वडील ते गिऱ्हाइकादेखत पुरत आणि घरच्या दुसऱ्या मेंढीचे काढून देत. यात नुकसान होई. पण ‘त्यांनी खराब माल दिला’ असे कोणी म्हणू शकत नसे. सातव्या-आठव्या वर्षीच हरणाबाई डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने दाबून चांगले काळीज आणि वाईट काळीज वेगळे काढीत.

पुढे पाण्यामागे फिरण्यापेक्षा पावसाची वाट पाहण्यातच वर्षे जाऊ लागली. कळप भावाकडे, धनाजीकडे राहिला आणि हरणाबाई नवऱ्याबरोबर कुपवाडला आल्या. नवरा एका कारखान्यावर रखवालदार झाला. त्यांनी दोन-तीन ठिकाणी झाडलोट केली आणि मग राजनंदिनीकडे लागल्या, कारण मेंढीचे यकृत हातात धरायला न कचरणारी बाई तिला हवी होती. कऱ्हाडकडच्या बागायती घरातून शिकून आलेल्या राजनंदिनीला मेंढीबद्दल पुस्तकाबाहेरचे फारसे ठाऊक नव्हते. हरणाबाईंना पुस्तकातले ठाऊक नव्हते. दोघींचे चांगले जमले.

काम असे होते. पहाटे कत्तलखान्यातून यकृते आणायची. प्रत्येकाचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याच्या शिरेत बारीक नळी बसवायची आणि तीन दिवस त्यातून साबणासारखे एक द्रावण सोडत राहायचे. पहिल्या दिवशी लाल पाणी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. शेवटी उरे तो यकृताच्याच आकाराचा, पण पांढरा, आरपार दिसणारा तुकडा. पेशी सगळ्या वाहून गेलेल्या. त्यांना धरून ठेवणारी जाळी तेवढी शिल्लक. पहिल्यांदा तो प्रकार पाहून हरणाबाई दोन पावले मागे सरल्या होत्या.

“आगं बया! मेंढीचं भूत.”

“भूत नाही, मावशी,” राजनंदिनी हसत म्हणाली होती. “हे तर घर आहे. माणसं बाहेर गेलीत.”

यापुढे तिने काही सांगितले नाही. त्या घरात पुढे कोण राहायला येते आणि कशासाठी, हे सांगण्याची गरज तिला वाटली नाही. चार मार्चपासून तिने नवा क्रम लावून दिला: दर आठवड्याला बारा यकृते. सहा निरोगी, त्यांना हिरवी चिठ्ठी. सहा जंताने ताठ झालेली, त्यांना लाल चिठ्ठी. जिथे काम वाटले जाते तिथे हातांना कृती सांगितली जाते, कारण सांगितले जात नाही. पण कारणावाचून हातांचे चालत नाही, म्हणून ते स्वतःचे कारण शोधून काढतात.

हरणाबाईंनी शोधलेले कारण साधे होते. ताठ काळीज कोणी घेत नाही, कसाई ते कुत्र्यांपुढे टाकतो. म्हणजे बाई काटकसर करते आहे. उसाच्या घरातली पोर, तिला मेंढरातले काय कळणार? उद्या कोणी येऊन म्हणेल, या प्रयोगशाळेत खराब काळजावर काम चालते, आणि ते काळीज निवडून आणणारी बाई अमक्या मेंढपाळाची लेक. ही नामुष्की हरणाबाईंना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी पहिल्याच आठवड्यापासून बाराही यकृते निरोगी आणली आणि त्यांतल्या सहांना बिनदिक्कत लाल चिठ्ठी लावली. ती धुऊन पांढरी झाल्यावर डोळ्यांना सगळी सारखीच दिसत.

मिठाचा नियमही त्यांनी सोडला नव्हता. प्रत्येक मेंढीमागे त्या काळ्या लोकरीच्या दोरीला एक गाठ मारीत. काम तडीला गेले की धनाजीच्या कळपाला मीठ घालून गाठी सोडायच्या. लाल चिठ्ठीतल्या मेंढीला मात्र त्या दुहेरी गाठ मारीत. न सांगता केलेली गोष्ट आपल्या लक्षात राहावी, एवढाच त्यामागचा हेतू.

आठांपैकी एका आठवड्यात, गुढीपाडव्याच्या सुमारास, हरणाबाई बिरोबाच्या जत्रेला गेल्या आणि त्यांचे काम नानासोंनी केले. नानासोंचा हुकमावर विश्वास. सहा निरोगी म्हणजे सहा निरोगी, सहा ताठ म्हणजे सहा ताठ. कसायाला दोनदा विचारून, चिमटीत दाबून त्यांनी लाल चिठ्ठीची सहा यकृते निवडली. हरणाबाईंनी परत आल्यावर त्या बारा मेंढ्यांच्याही साध्या गाठी मारल्या.

मेच्या सुरुवातीला निकाल हाती आले. हिरव्या चिठ्ठीचे अठ्ठेचाळीस आणि लाल चिठ्ठीचे बेचाळीस नमुने जुळ्या भावंडांसारखे होते. फक्त नानासोंच्या आठवड्यातले लाल चिठ्ठीचे सहा नमुने विचित्र वागले होते. राजनंदिनीने ते मोजणीतून वगळले.

“म्याडम,” नानासो म्हणाले होते, “चोवीस साल फौजेत काढली. अंधारात शीर चुकली न्हाई माजी, उजेडात नमुना चुकंल?”

“नानासो, नमुन्याला तुमची चोवीस वर्षं दिसत नाहीत. त्याला हात किती स्वच्छ होते तेवढंच कळतं.”

त्या दिवसापासून नानासो ‘येस म्याडम’ आणि ‘नो म्याडम’ याखेरीज बोलेनासे झाले.

कऱ्हाडच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. नानासो गाडीला टेकून उभे राहिले, दोघी बाकावर बसल्या. हरणाबाईंनी बशीत चहा ओतला. पण तो ओठांना लावायच्या आधी त्यांनी धीर केला.

“म्याडम, एक इचारू? रागवू नका. नानासोनं नेमकं केलं तरी काय?”

राजनंदिनीने एक सुस्कारा सोडला. तिला स्वतःलाच ते कोणाला तरी सांगायचे होते.

“मावशी, काळीज धुतल्यावर काय उरतं?”

“जाळी. मेंढरं कोंडायची वाघर असती न्हवं, तशी.”

“हां. त्या जाळीवर मी यकृताच्या मूळपेशी सोडते. कोवळ्या असतात. आपण कोण व्हायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं.”

“कोकरं म्हणा की.”

“कोकरंच. काही मोठी होऊन यकृताचं काम करतात, रक्त शुद्ध करतात. काही पित्ताच्या नळ्यांकडे जातात. मला वाटत होतं, हे ठरवण्यात जाळीचा वाटा मोठा असणार. मऊ जाळीवर एक होईल, आजारानं ताठ झालेल्या जाळीवर दुसरंच.”

“आता हे काय सांगायला पायजे?” हरणाबाईंना नवल वाटले. “माळाच्या दगडावर वाढलेल्या कोकराचं खूर घट्ट असतंय. काळ्या रानातल्याचं पसरतंय. आई एकच असली तरी.”

“मलाही तसंच वाटलं होतं. दारूनं नाहीतर काविळीनं माणसाचं यकृतही असंच ताठ होतं. त्यात नव्या पेशी नुसत्या सोडून भागेल, की आधी जाळी मऊ करावी लागेल, हे शोधायचं होतं. पण दोन्हींवर पेशी सारख्याच वाढल्या, मावशी. ताठ असो, मऊ असो, फरक शून्य. आज तिथे जाऊन हेच सांगायचं आणि काम बंद करायचं. नानासोंच्या सहा नमुन्यांत तेवढ्या पेशी लांबट झाल्या, यकृताचं काम करेनात. पण बेचाळिसांपुढे सहांचं कोण ऐकणार?”

हरणाबाईंनी बशी बाकावर ठेवली.

“म्हंजी, लाल चिठ्ठीला कडक काळीज तुमाला मुद्दाम पायजे हुतं?”

“मुद्दामच.”

“काटकसर न्हवं ती?”

“कसली काटकसर?”

रस्त्यावरून उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत गेल्या. बोलले नाही तर नानासो जातील. बोलले तर आपण जाऊ, आणि बापाचे नाव राखायला जे केले त्याच्यामुळेच ते जाईल. हा हिशेब हरणाबाईंनी त्या खडखडाटातच केला.

“म्याडम, लाल चिठ्ठीत मी कडक काळीज घातलंच न्हाई कवा. समदी चांगलीच आणली. आजारी जनावराचं काळीज दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाई, आसं आमच्यात हाय. तुमाला वंगाळ माल कसा देऊ? नानासोनं तेवढं तुमी सांगितल्यागत केलं.”

गाडीपाशी हालचाल झाली.

“आक्का!” नानासोंचा आवाज चढला. “चोवीस साल बार्डरवर दुश्मन हुडकत फिरलो, आन् ह्यो तर माज्याच गाडीत मागच्या शिटावर बसलाय!”

“दुश्मन न्हवं रं, अडाणी हाय,” हरणाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“किती?” राजनंदिनीने विचारले. तिचा आवाज कोरडा होता. “किती नमुने बदलले? अंदाजे नको.”

हरणाबाईंनी कमरेची पिशवी उघडून काळी दोरी काढली आणि तिच्या हातात दिली. “दुहेरी गाठी मोजा. त्या माज्या.”

राजनंदिनीने मोजल्या, पुन्हा मोजल्या. बेचाळीस. सहाव्या आठवड्याच्या जागी बारा साध्या गाठी ओळीने होत्या. तिने दोरी मांडीवर ठेवली आणि अचानक हसू लागली. हसता हसता तिने तोंडावर हात घेतला.

“म्हणजे बेचाळिसांनी सहांना खोटं पाडलं नाही. बेचाळीस जाळ्या मऊच होत्या. ताठ फक्त सहा होत्या, आणि त्या सहांनी बरोबर तेच सांगितलं जे मी शोधत होते. आणि मी ते फेकून दिलं.”

“मला कुणी सांगितलं न्हाई, म्याडम.”

“तुम्ही विचारलं नाहीत, मावशी,” असे राजनंदिनी बोलून गेली आणि लगेच थांबली. “नाही. दोन वर्षं तुम्ही माझ्याकडे आहात. जाळीचा ताठपणा मोजायचं यंत्र पुण्यात आहे, तिथली रांग नको म्हणून मी चिठ्ठीच्या रंगावर विसंबले. न मोजता विश्वास ठेवला चिठ्ठीवर, आणि मोजून अविश्वास दाखवला माणसावर.”

ती उठून गाडीपाशी गेली. “नानासो, मी तुमची माफी मागते.”

नानासो सवयीने ताठ उभे राहिले. “माफी ऱ्हाऊ द्या, म्याडम. माजं सहा तेवढं परत घाला यादीत.” मग त्यांनी चहावाल्याला हाक मारली. “आक्काला गरम चहा दे रं. ह्यो गार झाला. आजपर्यंत आमच्या हातचा पाणचट म्हणून पेत न्हवत्या, आता जल्मभर मीच पाजणार. तेवढीच सजा.”

साताऱ्याच्या पुढे, खंबाटकीच्या घाटात, राजनंदिनी नव्याने कागद लिहू लागली. तिने मोठ्याने वाचून पाहिले: “चिठ्ठ्या लावताना झालेल्या तांत्रिक चुकीमुळे...”

“चूक तांत्रिक कशी?” मागून आवाज आला. “माजी हाय. माजं नाव घाला.”

“तुमचं काम जाईल, मावशी.”

“ग्येलं तर मेंढरं हायतच. पर माजी चूक बिननावाची हिंडायला लागली तर ती उद्या पुन्ना नानासोच्याच गळ्यात पडंल.”

नानासोंनी आरशात पाहिले आणि गाडीचा वेग थोडा कमी केला.

शिरवळच्या बैठकीत समितीचे पाच जण होते. अध्यक्ष लालासाहेब, निवृत्त प्राध्यापक, भुवया पांढऱ्या आणि विश्वास कमी. राजनंदिनीने सगळे जसे घडले तसे मांडले. हरणाबाईंचे नाव घेतले, स्वतःचेही घेतले. लालासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले.

“या बाईंना बोटांनी फरक कळतो, असं तुमचं म्हणणं. कशावरून?”

डब्यात दोन पांढरे तुकडे होते, वगळलेल्या नमुन्यांचा दाखला म्हणून आणलेले, दोन्ही नानासोंच्या आठवड्यातले. एक हिरव्या चिठ्ठीचा, एक लाल. हरणाबाईंनी हातमोजे चढवले आणि पदर डोळ्यांवर ओढला. लालासाहेबांनी एक तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला.

“कडक.”

दुसरा.

“मऊ.”

लालासाहेबांनी अदलाबदल केली, पुन्हा केली. आठ वेळा विचारले, आठही वेळा उत्तर बरोबर आले. नवव्या वेळी त्यांनी तोच तुकडा काढून परत ठेवला.

“आवं सायेब,” हरणाबाई पदराआडून म्हणाल्या, “ह्यो मगाचाच हाय. मेंढरवालीला फसवताय व्हय?”

पाचही जण हसले. सर्वांत उशिरा, पण सर्वांत जास्त वेळ लालासाहेब हसले. निर्णय देताना मात्र ते गंभीर झाले. बोटांनी कळले ही चांगली गोष्ट आहे, पण बोटे हा पुरावा नव्हे, आणि सहा नमुने म्हणजे सिद्धांत नव्हे. काम बंद करायचे नाही. ताठ यकृतांचे बेचाळीस नमुने पुन्हा करायचे आणि प्रत्येक जाळीचा ताठपणा यंत्राने मोजायचा. नानासोंचे सहा नमुने यादीत परत घ्यायचे आणि त्यांच्याविरुद्धची नोंद काढून टाकायची. हरणाबाईंचे काय, असे कोणी तरी विचारले. राजनंदिनी म्हणाली, “त्या राहतील. यापुढे प्रत्येक कामाचं कारण त्यांना आधी सांगितलं जाईल.”

“आन् पटलं न्हाई तर?” हरणाबाईंनी विचारले.

“तर मोठ्यानं भांडायचं, मावशी. गपचूप गाठ मारायची नाही.”

जूनच्या दुसऱ्या रविवारी तिघेही आटपाडीकडच्या माळावर धनाजीच्या कळपापाशी गेले. मेंढी ज्याच्या कामाला आली त्याने मीठ द्यायचे, म्हणून मिठाचे पोते राजनंदिनीने आणले होते. ती एकेक मूठ सपाट दगडावर टाकी, नानासो कवायतीच्या आवाजात ‘एक! दो!’ असे मोजीत आणि हरणाबाई एकेक साधी गाठ सोडीत. मेंढ्यांनी तिघांनाही ढुशा देऊन बाजूला सारले. धनाजी म्हणाला, “आक्का, तुज्या म्याडमला मूठ घट्ट धरता येत न्हाई. निम्मं मीठ वाऱ्यालाच चाललंय.” राजनंदिनी त्यानंतर मेंढ्यांच्या तोंडाजवळ वाकून मीठ टाकू लागली आणि एका मेंढीने तिची ओढणी चघळली.

चौपन्न मुठी झाल्या. दोरीवर फक्त दुहेरी गाठी राहिल्या.

“याही सोडा की, मावशी. त्या मेंढ्यांनी मऊ जाळीचं काम केलंच आहे.”

“दुसऱ्याच्या नावानं राबल्यात त्या. म्या राबवल्यात. त्या जागी खरी बेचाळीस होऊ द्यात, मग सोडू.”

हरणाबाईंनी दोरी गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि उरलेल्या मिठाच्या पोत्याचे तोंड बांधले. सोमवारी पहाटे त्यांना सहा ताठ काळजे आणायची होती आणि आता ती कशासाठी आणायची, हे त्यांना ठाऊक होते.

बेचाळीस मेंढ्यांचे मीठ अजून द्यायचे आहे.